तो सांगणार नाही

म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरी सगळीकडून एकच सल्ला पोचतो. शेजारी देतात, सकाळी फिरताना भेटणारे देतात, क्वचित डॉक्टरही देतात : ‘काळजी करू नका. वेळ आली की तो स्वतःच सांगेल. त्याच्या डोळ्यांत दिसेल तुम्हाला.’ वाक्य हळवं आहे, म्हणून ते शहाणपणाचं वाटतं. माझ्या मते कुत्र्यांबद्दल आपण जी खोटी वाक्यं बोलतो, त्यांतलं हे सर्वांत घातक. याच वाक्याच्या आधारानं दुखण्यानं पिळवटलेली जनावरं आठवडेच्या आठवडे जगवली जातात, आणि जगवणाऱ्याला आपण प्रेमच करतोय असं वाटत राहतं.

तो सांगणार नाही. अचानक पाय चेंगरला तर कुत्रा केकाटतो. पण सांधे झिजतात, दाताच्या मुळाशी पू होतो, पोटात गाठ वाढते, तेव्हा तो केकाटत नाही. तो कमी हलतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबतो. सोफ्यावर उडी मारायचं सोडून देतो. रात्री जागा बदलत राहतो, काही गरम होत नसताना धापा टाकतो. एकच सांधा चाटत बसतो. हे सगळं आपण पाहतो आणि त्याला एक सोयीचं नाव देतो : ‘वय झालं.’ वय हा आजार नाही. संधिवात हा आजार आहे, मूत्रपिंड निकामी होणं हा आजार आहे, हृदयाची झडप गळणं हा आजार आहे. ‘वय झालं’ म्हटलं की तपासणी टळते, खर्च टळतो, आणि मुख्य म्हणजे निर्णय टळतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘पण अजून शेपूट हलवतो की!’ हलवणारच. त्याच्या शेपटीचा संबंध तुमच्या येण्याशी आहे. त्याच्या मूत्रपिंडांचं काय चाललंय ते शेपूट सांगत नाही. फुफ्फुसात पाणी झालेला कुत्राही दाराशी चावीचा आवाज आला की मान उचलतो. त्या उचललेल्या मानेचा अर्थ ‘मला अजून जगायचंय’ असा लावणं म्हणजे त्याच्या मायेचा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर करणं.

ही न पाहण्याची सवय आपल्याला कुठून लागली? साहित्याच्या नियतकालिकात हे लिहितोय, तर दोष साहित्याचाही आहे हे म्हटलं पाहिजे. आपल्या गोष्टींतल्या कुत्र्याला शरीर नसतं, फक्त निष्ठा असते. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून आपल्याकडे पुन्हा पुन्हा वाद पेटतो. धन्याच्या चितेत उडी घेणारा कुत्रा खरंच होता का, यावर दोन्ही बाजूंनी त्वेषानं बोललं जातं, पण कुत्र्यानं धन्यासाठी मरावं ही अपेक्षा कुणालाच खटकत नाही. तो स्वतःच्या आजारानं, आपल्या वेळेनं मरतो, ही गोष्ट सांगायला आपल्याकडे भाषाच नाही. भाषेत आहे तो एक वाक्प्रचार : कुत्र्याच्या मौतीनं मरणं. म्हणजे हाल हाल होऊन, बेवारशी, कुणी विचारायला नसताना मरणं. कुत्र्याचं मरण असंच असायचं, हे या वाक्प्रचारानं गृहीतच धरलंय.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण जपानमधलं आहे. हाचिको हा अकिता जातीचा कुत्रा. त्याचे प्राध्यापक मालक १९२५ मध्ये वारले. त्यानंतर नऊ वर्षांहून अधिक काळ तो टोकियोच्या शिबुया स्टेशनवर येऊन त्यांची वाट पाहत राहिला. ८ मार्च १९३५ रोजी तो मेला. त्याचा पुतळा त्याच्या आधीच, १९३४ मध्ये, तो जिवंत असतानाच उभा राहिला होता. त्याच्या जपून ठेवलेल्या अवयवांची पुढे पुन्हा तपासणी झाली आणि २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : हृदयात आणि फुफ्फुसांत कर्करोग, शिवाय हृदयकृमींचा संसर्ग. लोकांनी त्या कुत्र्यात निष्ठा पाहिली, वियोग पाहिला, त्यावर पुढे चित्रपट काढले. त्या छातीत काय चाललं होतं ते कळायला ७६ वर्षं लागली. त्या काळातल्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे आजची साधनं नव्हती. पण आज आपल्या घरात, शहरात दवाखाने असताना, आपण तेच करतो. कुत्र्याचा जिवंतपणीच पुतळा करतो आणि पुतळ्याला दुखत नसतं.

मग पाहायचं काय? डोळ्यांतला गूढ निरोप वाचण्याची गरज नाही. वहीत लिहिता येतील अशा गोष्टी आहेत. झोपलेल्या कुत्र्याची छाती मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. साधारणपणे तीसच्या आत असायला हवं. रोज त्याहून जास्त भरत असेल, तर तो ‘गाढ झोपलेला’ नाही, श्वासासाठी झगडतोय. ओठ उचलून हिरड्या पाहा : गुलाबी आहेत की पांढुरक्या, निळसर? डोक्यावर आणि मांडीवर हात फिरवा. कवटीचं हाड आणि माकडहाड बोटांना टोचायला लागलं असेल, तर मांस झडतंय. आवडीचं खाणं हुंगून तोंड फिरवतो का? पाणी भांडंभर पितो की शिवतही नाही? लघवी-शीला स्वतः उठू शकतो का, की त्यातच पडून राहतो? कोपरावर, कमरेवर जखमा झाल्यात का? दिवसा झोपून रात्रभर घरात फेऱ्या मारतो, कोपऱ्यात तोंड घालून तिथंच अडकून उभा राहतो, घरच्यांना ओळखेनासा होतो का? तसं असेल तर मेंदूही थकला आहे.

ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यक कर्करोगतज्ज्ञ बाईंनी याच गोष्टींची एक साधी मोजपट्टी बनवली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, असे सात प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. प्रेमाला गुण देणं काहींना कोरडं वाटेल. पण गुण आपल्या प्रेमाला दिलेले नाहीत, त्याच्या दिवसाला दिलेत. आणि ही बेरीज एकट्यानं करू नये. घरात जो कुत्र्याला सर्वांत कमी लाडावतो, त्यालाही वेगळे गुण द्यायला सांगावं. दोन आकड्यांमध्ये मोठी तफावत निघाली, तर तेवढी आपली भाबडी आशा समजावी.

पाहण्याचा हा आग्रह उलट बाजूनंही लागू आहे, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. एखाद्या सकाळी म्हातारा कुत्रा एकाएकी कोसळतो, मान वाकडी होते, बुबुळं भिरभिरतात, उलटी होते. घरात आकांत होतो : अर्धांगाचा झटका, संपलं! पुष्कळदा तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालायला लागतो. खाणं सुटलं तर कधी फक्त दात किडलेला असतो. जिना सुटला तर सांध्यांवरच्या योग्य औषधानं तो पुन्हा चढतो. मात्र ते औषध डॉक्टरनं दिलेलं हवं, आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराचा आणि मूत्रपिंडाचा नाश करते. जे लोक पहिल्याच पडण्याला ‘आता सोडवा त्याला’ म्हणतात, किंवा म्हातारा झाला म्हणून प्राणी-निवाऱ्याच्या फाटकाला बांधून निघून जातात, त्यांनीही पाहिलेलं नसतं. त्यांची घाई आणि वर सांगितलेली दिरंगाई यांत मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही स्वतःचा त्रास संपवायचा असतो.

आता खरा आक्षेप. ‘जीव घेणारे आपण कोण? त्याचे भोग त्यानं भोगायला हवेत. निसर्गानं जायचं तेव्हा जाईल.’ हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यामागे अहिंसेची मोठी परंपरा आहे. पण त्याच परंपरेतल्या एका माणसानं याचं उत्तर देऊन ठेवलंय. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनेत पडलं होतं. उपचार संपले होते, कूस बदलवणंही त्याला सोसत नव्हतं. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली, विरोधही ऐकला, आणि डॉक्टरांकडून सुई टोचून त्याला मरण देवविलं. मग ते लपवलं नाही. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त त्यावर लिहिलं. संतापाची पत्रं आली. त्यांचं म्हणणं असं की, हिंसा कशाला म्हणायचं हे हेतूवरून ठरतं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सुरी चालवतो म्हणून हिंसक होत नाही. हाच न्याय माणसाला आणि स्वतःलाही लागू व्हावा, असंही त्यांनी लिहिलं. त्यांच्याशी असहमत होता येतं. पण असहमत होणाऱ्यानं निदान त्यांच्याइतकं त्या वासराजवळ उभं राहिलेलं असावं.

आणि ‘निसर्ग’ म्हणजे नेमकं काय? चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, रोज सलाईन लावून, तोंडात सिरिंजनं पेज ढकलून चाललेल्या जगण्यात निसर्ग कुठे आहे? निसर्गात तो कधीच गेला असता. आपण औषधांनी त्याचं आयुष्य लांबवतो तेव्हा निसर्ग आठवत नाही. यातना थांबवायची वेळ आली की आठवतो. ‘झोपेत शांतपणे जाईल’ हे स्वप्न फार थोड्यांच्या वाट्याला येतं. हृदय निकामी झालेला कुत्रा छातीत पाणी भरून गुदमरत जातो. मूत्रपिंड निकामी झालेला उलट्या करत, तोंडात व्रण येऊन, दिवसचे दिवस जातो. कायद्याचीही भाषा स्पष्ट आहे : प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं तिसरं कलम सांगतं की, ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्यानं त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत म्हणून वाजवी उपाय करणं हे त्याचं कर्तव्य आहे. कर्तव्य म्हटलंय, लहर म्हटलेलं नाही.

डॉक्टरांनाही दोन शब्द. ‘बघू अजून दोन दिवस सलाईन देऊन’ हे वाक्य कधी उपचार असतं आणि कधी पळवाट. मालक रडतोय, वाईट बातमी सांगायला धीर होत नाही, म्हणून बिलाबरोबर आशा विकायची हे बरं नव्हे. आणि मालकानं ‘काही करता येईल का?’ असं विचारू नये, कारण काहीतरी नेहमीच करता येतं. विचारावं असं : ‘हा बरा होईल का? झाला नाही तर पुढचा महिना त्याला कसा जाईल? हा तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?’ सुखमरण द्यायचं ठरलंच, तर कसं देणार हेही विचारावं. आधी पूर्ण गुंगी, मग भुलीच्या औषधाची जास्त मात्रा, असा रीतसर मार्ग आहे. काही क्षणांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा उसासा येतो, लघवी होते. तो यातनेचा भाग नसतो. जाग्या जनावराला थेट हृदय बंद पाडणारी सुई टोचू असं कुणी म्हणालं, तर कुत्रा उचलून दुसरीकडे जावं.

त्या खोलीतून बाहेर पडू नये, एवढंही सांगतो. ‘मला बघवणार नाही’ म्हणत आपण दाराबाहेर जातो, आणि चौदा वर्षं आपल्या वासावर जगलेलं जनावर अनोळखी हातांत, अनोळखी टेबलावर दार शोधत राहतं. युधिष्ठिरानं कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण सोबत राहणं आणि अडवून ठेवणं या दोन गोष्टी आहेत. महाभारताच्या आरंभी आणखी एक कुत्री आहे, तिची गोष्ट आपण कमी सांगतो. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी सरमेच्या निरपराध पिल्लाला मारलं. ती तिथं आली आणि तिनं विचारलं, यानं काही केलेलं नसताना याला का मारलंत? कुणीही उत्तर दिलं नाही. तिचा शाप लागला तो त्या मौनाच्या पाठोपाठ.

म्हणून आजपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा : चांगल्या दिवसाला टिंब, वाईट दिवसाला फुली. तुमच्या कुत्र्याला ज्या तीन गोष्टींत सर्वांत सुख होतं, त्या तो धडधाकट असतानाच लिहून ठेवा. दारापर्यंत धावणं असेल, अंगणातल्या उन्हात लोळणं असेल, भाकरीचा कडक पापुद्रा कुरतडणं असेल. त्यांतल्या दोन गेल्या आणि फुल्या टिंबांपेक्षा वाढल्या, की डॉक्टरला फोन करा. एखादा दिवस लवकर गेल्याची रुखरुख लागेल. ती तुम्ही सोसू शकता. उशिराचा महिना मात्र त्याला सोसावा लागतो.