मुक्त प्रणालीला मराठी पुस्तक कोण देणार?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य थांबविले. पुढची 'विंडोज ११' जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यामुळे शाळा, वाचनालये आणि पतसंस्था यांतील कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात कालबाह्य ठरले. यंत्रे बिघडली नव्हती; सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीचे वेळापत्रक बदलले होते, इतकेच. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने रोखल्या होत्या. कारण काय, तर रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने त्या कंपनीवर घातलेले निर्बंध. भारतीय भूमीवरील कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, तेव्हा कुठे सेवा पूर्ववत झाल्या. परावलंबन म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण कशाला हवे?

या परावलंबनावरचा उपाय नवा नाही आणि महागही नाही. लिनक्सवर आधारलेल्या मुक्तस्रोत प्रणाली जुन्या यंत्रांवरही उत्तम चालतात. सी-डॅकने २००७ पासून 'बॉस' ही भारतीय भाषांना सामावून घेणारी प्रणाली उपलब्ध करून दिली आहे. पत्र, हिशेब, सादरीकरण या रोजच्या कामांसाठी 'लिब्रे ऑफिस' आहे आणि ते मराठीतूनही वापरता येते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. प्रणाली आहे, धोरण आहे, तरी घराघरांत आणि शाळाशाळांत तीच जुनी सवय कायम आहे. असे का?

उत्तर कटू असले, तरी सरळ आहे. समोरच्या पक्षाकडे पुस्तक होते आणि आपल्याकडे नव्हते. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, 'एमएस-सीआयटी' गावोगाव पोहोचली. सरकारी नोकरीसाठी तशी अर्हता आवश्यक ठरल्याने लक्षावधी तरुण त्या वर्गांत बसले. अनेकांच्या हाती छापील मराठी पुस्तक आले. मात्र त्या शिक्षणाची मांडणी प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्याभोवती झाली. पुस्तक मराठी, सवय मात्र परक्या कंपनीची! तेव्हा कोणी मुक्तस्रोताचे तितकेच सोपे पुस्तक छापून वर्गात ठेवले असते, तर आजचे चित्र वेगळे दिसले असते.

"सगळे इंटरनेटवर आहे, आता छापायचे कशाला?" असा प्रश्न सुशिक्षितांकडून हमखास येतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठीतून ध्वनिचित्रपाठ उपलब्ध केले, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु ज्या यंत्रावर नवी प्रणाली बसवायची आहे, तेच यंत्र सुरू होत नसेल, तर पाठ पाहायचा कशावर? चाळीस मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाला कळफलकाशेजारी उघडे ठेवता येईल, कडेला टिपण करता येईल, असेच पुस्तक लागते. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले आणि मोजक्यांच्या पोथीतले ज्ञान सामान्यांच्या घरात आले. मुक्तस्रोताचे ज्ञान आजही त्या पोथीच्याच अवस्थेत आहे. ते जाणकारांच्या कोंडाळ्यात फिरते आहे.

कायद्याची अडचण सांगणाऱ्यांनी परवाने वाचावेत. लिब्रे ऑफिसच्या मार्गदर्शिका ज्या परवान्यांखाली प्रसिद्ध होतात, त्यांनुसार त्यांचे भाषांतर करता येते, त्या छापता येतात आणि विकताही येतात. मूळ लेखकांचा उल्लेख करावा आणि आपण केलेले बदल नमूद करावेत, अशा साध्या अटी पाळल्या की पुरे. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे, हे आधी आपणच समजून घेतले पाहिजे. छपाईचा खर्च निघेल एवढी किंमत घेणे हा मुक्तस्रोताच्या तत्त्वाशी द्रोह नाही.

या कार्याचा आरंभ नवी मुंबईने का करू नये? वाशी आणि बेलापूरच्या रेल्वे स्थानकांच्या डोक्यावर माहिती-तंत्रज्ञानाची संकुले उभी आहेत. महापे आणि ऐरोलीत हजारो अभियंते राबतात. खारघर स्थानकासमोर सी-डॅकच्या मुंबई केंद्राचे कार्यालय आहे. मुक्तस्रोत प्रणाली भारतीय भाषांत आणण्यासाठी 'जनभारती' हा उपक्रम याच केंद्राने चालविला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात मुद्रणालये आहेत आणि शेजारी पनवेलला बालभारतीचे पुस्तक भांडार आहे. लेखक, मुद्रक, वितरक सारे काही मैलांच्या अंतरात असताना महापालिका शाळेतील शिक्षकाला इंग्रजी संकेतस्थळाकडे बोट दाखवायचे, याला नियोजनाचे दारिद्र्य म्हणावे लागेल.

नियोजनही अवघड नाही. डेमी आकारात १६ पानांचा एक फॉर्मा धरला, तर दहा फॉर्म्यांत १६० पानांचे पुस्तक होते. लिब्रे ऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात. म्हणून पहिली आवृत्ती छोटी काढावी आणि पुस्तकाची रचना अर्ज, गुणपत्रक, जमाखर्च अशा कामांनुसार करावी. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच हवी. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर पुढच्या वेळी पुन्हा टंकावा लागतो आणि मुक्त पुस्तक पहिल्याच आवृत्तीत बंदिस्त होते. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश हाताशी घ्यावेत. मात्र जिथे 'फाइल' शब्द रुळला आहे, तिथे हट्ट धरू नये. छापण्यापूर्वी एखाद्या शिक्षिकेने पुस्तक पाहून सारी कामे स्वतः करून पाहावीत. ती जिथे अडेल, ते पान पुन्हा लिहावे.

वितरणाची वाटही तयार आहे. राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. शासनाने मनात आणले, तर बालभारतीच्या भांडारांतून हे पुस्तक पाठ्यपुस्तकांबरोबर जाऊ शकते. केरळच्या डाव्या पक्षांचे विचार आम्हांला मान्य नाहीत. पण त्यांनी शालेय संगणक शिक्षण मुक्तस्रोतावर उभे केले, मल्याळम पाठ्यपुस्तके छापली, शिक्षक तयार केले. तिथे हे घडले, मग ज्ञानोबा-तुकोबांच्या महाराष्ट्रात का घडू नये?

शासन जागे होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. नवी मुंबईतील अभियंत्यांनी आठवड्यातील दोन तास द्यावेत, शिक्षकांनी लेखन तपासावे, सहकारी संस्थांनी प्रती आगाऊ नोंदवाव्यात आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाचनालयात या विषयावरच्या मराठी पुस्तकाची मागणी नोंदवावी. स्वदेशीचा उच्चार करणाऱ्यांवर ही जबाबदारी अधिक आहे, कारण परक्या प्रणालीवर टंकलेल्या घोषणापत्राने स्वावलंबन येत नसते.