फाटकाबाहेरचं पोतं



विद्यापीठात नवे डबे आलेत. हिरवा ओल्याला, निळा सुक्याला. भिंतीवर पाटी : हरित परिसर. पर्यावरणदिनी साहेबलोक हातमोजे घालून फोटोपुरता कचरा उचलतात. दुसऱ्या दिवशी बिनमोज्यांचे हात तोच डबा उपसतात. डब्यांना रंग आले, हातांची जात तीच राहिली.

आणि फाटकाशी पोतं घेऊन आलेल्या बाईला वॉचमन हटकतो, "ए, कुठं चालली? चोरी करायला?"

चोरी? आम्ही गोदीतली माणसं. परदेशातली रद्दी या देशात जहाजानं येते. कागदपत्रं होतात, शिक्के बसतात, तिला माल म्हणतात. कागदगिरण्या पैसे मोजून ती घेतात. तीच रद्दी आपल्या मावशीच्या पोत्यात पडली की मावशी चोर. म्हणजे रद्दीला किंमत हाय, वेचणारीला नाय.

या अडाणी बायांना काय कळतं, असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी पुण्याकडं बघावं. ज्या 1972 साली पँथर जन्मली, त्याच सालच्या दुष्काळानं गावकुसाबाहेरची कितीतरी कुटुंबं पुण्यात आणून टाकली. त्यातल्या बाया कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. 1990च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या त्यांच्यात गेल्या. अक्षरं शिकवायला गेल्या आणि कचऱ्याचं अर्थशास्त्र शिकून आल्या. विद्यापीठानं तीस बायांना ओळखपत्रं दिली. घरोघरी वेगळा ठेवलेला सुका माल त्या ताठ मानेनं गोळा करू लागल्या. 1993 मध्ये बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एका विद्यापीठाला हे जमलं. बाकीच्यांचे हात कुणी बांधले?

कायद्यानं तर नाही. 2016च्या घनकचरा नियमांनी 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांना बजावलं : कचरा जागीच वेगळा करा आणि सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्या. कागदावर मावशीला नाव मिळालं, फाटकावर ती अजून 'ए'च.

कुणी विचारील, 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही कचऱ्यावर हक्क मागता? प्रश्न बरोबर. उत्तर ऐका. जातीनं लादलेली गुलामी सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. आमच्या आयाही हौसेनं उकिरड्यावर गेल्या नाहीत. पण पोरांच्या फीचा पैका याच पोत्यातून निघतो. तो ठेकेदाराच्या घशात घालायचा आणि वर म्हणायचं, तुम्हाला घाणीतून सोडवलं! ही कसली मुक्ती? ही हकालपट्टी.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. ज्यानं कचरा केला त्यानंच तो वेगळा करावा, मग तो कुलगुरू असो की वसतिगृहातला आपला पोरगा. सुका माल थेट बायांच्या संघटनेला मिळावा, मधे दलाल नको. आवारात शेड, नळ, हातमोजे, ओळखपत्र हवं. झाडूवाल्यांना पुरतं वेतन हवं. आणि या बायांच्या पोरांना त्याच विद्यापीठाच्या वर्गात बिनफीची जागा हवी, म्हणजे पोतं वारशानं पुढं जाणार नाही.

आता थोडं आपल्याच पोरांशी. शिष्यवृत्तीवर शिकता, सभेत कडक बोलता, आणि फाटकावर मावशी दिसली की मान वळवता. ती कुणाची तरी आय हाय. कदाचित तुमचीच.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपल्या आधीची पिढी 1978 ते 1994, सोळा वर्षं लढली. माणसं मेली, वस्त्या जळाल्या, तेव्हा फाटकावर बाबासाहेबांचं नाव लागलं. आता सगळ्याच विद्यापीठांची फाटकं उघडायचीत. उद्या वॉचमन हटकील तेव्हा तिच्या पोत्याचं दुसरं टोक तुम्ही धरा.

जय भीम!