पहिला खडा कुठे ठेवावा?
चीनमध्ये जन्मलेला आणि जपानने जिवापाड जपलेला गो शिकायला अवघड, असं म्हणतात. पण घरात कुणाला नवकंकरी येत असेल, तर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या पोराची निम्मी वाट आधीच सरलेली आहे. दोन्ही खेळांत खडे रेघा मिळतात तिथे ठेवायचे. नवकंकरीसाठी खडूने एकात एक तीन चौकोन काढा, बाजूंचे मध्य रेघेने जोडा. जागा होतात २४, खडे प्रत्येकी ९. नवशिक्याचा हात कोपऱ्याकडे धावतो, पण तिथून वाटा दोनच. मधल्या चौकोनाच्या बाजूच्या मध्यावर बसलेल्या खड्याला चार वाटा मिळतात. ती जागा आधी धरावी. गोमध्ये तर हाच हिशेब जीव वाचवतो: शेजारच्या सगळ्या वाटा अडल्या की खडा पटावरून उठलाच. तिथला मोठा पट १९ रेघांचा, शिकताना मात्र ९ रेघांचा पुरतो. आता किल्लारीचंच बघा: ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात जुनं किल्लारी पडलं, गाव नव्या जागी वसलं. घरं बांधून मिळाली. पारावरचे, ओसरीवरचे खेळ मात्र माणसांनीच पुढे न्यायचे असतात. आज संध्याकाळी फरशीवर तीन चौकोन काढा, नातवंडांना समोर बसवा आणि पहिला खडा त्यांना ठेवू द्या.