‘तापट आहे, पण मनाने चांगला’

लग्नाच्या बैठकीत हे वाक्य हमखास येतं: पोरगा जरा तापट आहे, पण मनाने चांगला. मुलगी तापट निघाली तर ती मात्र थेट कजाग. सूट आणि शिक्का, दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: राग हा पिंड, हात उचलला जाणं हे त्याचंच फळ, आणि पिंडाला औषध नाही. समज अर्धा खरा आहे. म्हणूनच तो खोडून काढायला जड जातो.

त्याची परीक्षा तुकोबांच्या देहूतच घेऊ. कीर्तनात उसाची गोष्ट आली की मंडप हसतो. ऊस वाटेतल्या पोरांना वाटून तुकोबा उरलेला एकच घरी आणतात आणि त्यांची बायको आवली तोच त्यांच्या पाठीत घालते. ही समज मांडणाऱ्या पूर्वपक्षाला याहून चांगला पुरावा कुठला? बाई भडक डोक्याची, म्हणून मारलं. मारलं ते मारलंच, मी ते झाकत नाही. पण मग त्याच कथापरंपरेतल्या आणखी दोघांचा हिशेब पूर्वपक्षाने द्यावा. (या गोष्टी संतचरित्रकार महिपतींनी शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या आणि कीर्तनकारांनी वाढवलेल्या. त्या इतिहास म्हणून नाही, माणसाच्या नमुन्यांसाठी घेतो.)

पहिला देहूतलाच मंबाजी गोसावी. तुकोबांची म्हैस त्याच्या बागेत शिरली, कुंपणाचे काटे तुकोबांनी लोकांच्या वाटेतून बाजूला सारले आणि मंबाजीने काटेरी फांद्यांनी त्यांना झोडपलं. फटका त्या क्षणाचा, पण राग जुना. लोक आपल्याला सोडून तुकोबांच्या कीर्तनाला जातात, हे त्याला कधीचं सलत होतं. दुसरे वाघोलीचे रामेश्वर भट. शूद्राने वेदार्थ सांगू नये, तुकोबांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात, असा निवाडा त्यांनी दिला. त्यात आरडाओरडा नाही, शिवी नाही. डोकं थंड, शास्त्राचा आधार हाताशी. आता सांगा, तिघांत जास्त नासधूस कुणी केली? आवलीचा ऊस मोडला. भटांच्या निवाड्याने एका माणसाची सगळी वाणी पाण्यात गेली.

भडक्यातली हिंसा आणि ठरवून केलेली हिंसा असा भेद मानसशास्त्रही करतं. उतावळा स्वभाव आणि क्षणाक्षणाला पालटणारं मन यांचा संबंध प्रामुख्याने पहिलीशी. तोही सरसकट नाही. व्हाइटसाइड आणि लायनम यांनी २००१ साली उतावळेपणाचे चार पदर वेगळे केले: मन बिघडलेलं असताना घाईने काहीतरी करून बसणं, विचार न करता कृती करणं, काम अर्धवट सोडणं आणि थराराची ओढ. मारामारीशी सर्वांत घट्ट नातं दिसतं ते पहिल्याचं. डोंगरावर दोराने लटकणारा धाडसी पोरगा उतावळा असेलही, पण तो बायकोवर हात उचलेलच असं नाही.

इथवर पूर्वपक्षाचं खरं ते मान्य. पण मन बिघडतं कशाने? १६२९ ते १६३१च्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको आणि मुलगा गेले, दुकान बसलं. पुण्याच्या सावकाराघरची आवली या घरात पोरं वाढवत होती आणि नवऱ्याने स्वतःच्या वाट्याची कर्जखतं नदीत सोडली होती. तरीही ती नवऱ्यासाठी भाकरी घेऊन भंडारा डोंगरावर चढतच राहिली. आज चाकणची रात्रपाळी, ओव्हरटाइम, घराचा हप्ता आणि तळवडे चौकातली कोंडी मन बिघडवण्याचं तेच काम करतात. झोप कमी झाली की आवर सुटतो, हे कुठल्याही कामगाराच्या घरात दिसेल.

कारण सांगितलं म्हणजे माफी दिली असं मात्र नाही. ‘राग आला की मला भान राहत नाही’ म्हणणाऱ्याचा दिवस पाहा. लाइनवर सुपरवायझर चारचौघांत आईवरून बोलतो. हा मान खाली घालून ‘हो साहेब’ म्हणतो. गेटबाहेर आडव्या आलेल्या रिक्षावाल्याला शिवी घालतो, पण ट्रक आडवा आला आणि त्यातून दोघे उतरले की गप्प होतो. घरी भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावतो. भान सुटतं म्हणावं, तर ते बरोबर दुबळ्या माणसापुढेच कसं सुटतं? राग अंगातला असेल. तो कुणावर काढायचा, हे त्याला नीट कळतं.

‘एकदा बाहेर काढला की निवळतो’ ही पळवाटही टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात राग आणणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून पिशवीवर ठोसे मारणारे लोक शांत झाले नाहीत, जास्तच तापले. आणि पिंड बदलत नाही म्हणाल, तर रामेश्वर भट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले. आजही उपचाराने आवर शिकता येतो. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा पुढच्या बैठकीत मध्यस्थ ‘तापट आहे, पण मनाने चांगला’ म्हणाला की मुलीच्या बापाने एवढंच विचारावं: साहेबावरही तापतो, की फक्त आईवर आणि बहिणीवर? उत्तर दुसरं आलं तर चहा संपवून उठावं.