पानावरचा डोळा

ही श्रावणातली गोष्ट. वेल्ह्याकडच्या आमच्या शाळेत चौथीतली एक मुलगी वहीत भाताचं पान घालून आली. "बाई, बघा ना, पानाला डोळे आलेत! आप्पा म्हणतात, रोपं उपाशी आहेत. उद्या युरिया टाकायचाय."

मी पान उजेडात धरलं. ठिपके खरंच डोळ्यांसारखे होते. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी काठ. मी म्हटलं, "आप्पांना सांग, युरिया थांबवा. आधी हे पान कृषी सहायकांना दाखवा."

का बरं? कारण ही भूक नव्हे, हा करपा! नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि करप्याचं फावतं.

करपा होतो एका बुरशीमुळे. तिच्या कुळाचं, म्हणजे प्रजातीचं नाव पिरिक्युलॅरिया. 1880 साली सकार्डो या इटालियन शास्त्रज्ञानं ते ठेवलं, नाशपातीच्या लॅटिन नावावरून. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तिचा बीजाणू हुबेहूब नाशपाती! आत दोन पडदे, म्हणजे तीन खोल्या. भातावरच्या जातीचं नाव पिरिक्युलॅरिया ओरायझी. ओरायझा म्हणजे भात.

हिची एक बहीण आहे, पिरिक्युलॅरिया ग्रिसिया. ती राहते गवतावर. दोघी इतक्या सारख्या, की शास्त्रज्ञही फसायचे. 2002 साली जनुकं तपासून त्या वेगळ्या असल्याचं दाखवलं गेलं. नाचणीवर करपा येतो तो मात्र ओरायझीचाच. पण नाचणीवरचा वाण सहसा भाताला धरत नाही. ज्याचं त्याचं ताट वेगळं!

आता तिची करामत ऐका. भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात पानं रात्रभर ओली असतात. वाऱ्यावर आलेला बीजाणू पानाला डिंकासारखा चिकटतो, त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला काळा घुमट तयार होतो. घुमट पाणी ओढून घेतो आणि आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे चाळीसपट होतो. त्या जोरावर एक बारीक खुंटी पानात घुसते. चार-पाच दिवसांत डोळा दिसतो. त्या डोळ्यातून पुन्हा हजारो बीजाणू उडतात.

हा रोग लोंबीच्या मानेवर गेला, की मान काळी पडून मोडते. शेतकरी त्याला 'मानमोडी' म्हणतात. मग दाणे भरत नाहीत, वर्षाची मेहनत वाया! म्हणून ठिपका पानावर असतानाच ओळखायचा.

आप्पांनी ऐकलं. युरियाचं पोतं ओटीवरच राहिलं आणि कृषी सहायकांनी सांगितलेलं औषध वेळेवर फवारलं गेलं. बघा, एका पानानं केवढं काम केलं!

करून पाहा : एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात मूठभर भाताचं बियाणं टाकून ढवळा. पोकळ, रोगट दाणे वर तरंगतील, ते काढून टाका. तळाचे दाणे चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. पेरणीआधी घरच्या बियाण्यालाही हीच रीत. आणि हो, बांधावर गेलात तर पानं जरा निरखून बघा. डोळा दिसला, तर घरी लगेच सांगा!