हातउसने गोलंदाज

दिवाळीच्या अंकात क्रिकेट सोडून अमेरिकेतला बेसबॉल कशाला, असे आमचे नेहमीचे वाचक विचारतील. त्याला कारण आहे. कॉलेजचा संघ म्हणजे तिथे वाढलेली मुले, की यंदा तिथे येऊन खेळलेली मुले, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळतो आहे; आणि त्याचा रोखठोक जबाब सध्या अमेरिकेतल्या मैदानांवर मिळतो.

आधी थोडी ओळख करून देतो. बेसबॉलच्या गोलंदाजाला पिचर म्हणतात. साडेसाठ फुटांवरून तो चेंडू टप्पा न पाडता फेकतो. आपला गोलंदाज सहा चेंडू टाकून जरा दम खातो. तिथे मात्र एकच गडी डावामागून डाव टाकीत राहतो, चांगला असला तर शंभरावर चेंडू टाकतो आणि मग खांद्याला नि कोपराला आठवडाभर विसावा देतो. कॉलेजचे सामने तर शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन! म्हणजे तीन भरवशाचे पिचर हवेत आणि ते दमले की पुढे सरसावणारे आणखी चारपाच. एकट्यादुकट्या हिऱ्यावर भागत नाही.

पूर्वी ही रांग शाळांतून मुले आणून, दोन-तीन वर्षे घासूनपुसून तयार करीत. मोठ्या स्पर्धेतल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्याला वर्षभर बाहेर बसावे लागे. 2018 च्या ऑक्टोबरात कॉलेजांच्या क्रीडासंस्थेने, एनसीएएने, बदली हवी असलेल्यांची एक नोंदवहीच उघडली. तिचे नाव ट्रान्सफर पोर्टल. 2021 मध्ये पहिल्या बदलीला वर्षभर बसण्याची अट गेली. 2024 मध्ये, अभ्यास ठीक असेल तर, कितीही वेळा बदलीची मुभा मिळाली. प्रशिक्षकांना जणू हातउसने मागायला शेजारच उघडा झाला!

या उसनवारीचा नमुना म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा 2023 चा संघ. प्रशिक्षक जे जॉन्सन यांनी 2022 च्या उन्हाळ्यात पॉल स्कीन्स हा मुलगा आणला, तो हवाई दलाच्या अकादमीतून. तिथे तो पिचिंगही करी आणि यष्टिरक्षकासारखा मागे उभा राहून चेंडूही झेली. तिसरे वर्ष सुरू झाले की तिथल्या छात्रावर पुढे हवाई दलात नोकरीचे बंधन येते. म्हणजे निर्णय तेव्हाच घ्यायला हवा होता. तो आला आणि एका हंगामात त्याने 209 फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. त्याने बेन मॅकडोनल्डचा 1989 मधला 202 चा विक्रम मोडला.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढेच. ओमाहाच्या अखेरच्या स्पर्धेत वेक फॉरेस्टविरुद्ध स्कीन्सने आठ डावांत 120 चेंडू टाकले, प्रतिपक्षाला एकही धाव दिली नाही, आणि त्याचा हात तिथेच संपला. फ्लॉरिडाविरुद्धच्या अंतिम तीन सामन्यांत तो एक चेंडूही टाकू शकला नाही. पहिला सामना जिंकला. दुसऱ्यात 24-4 असा धुव्वा उडाला. तिसऱ्या दिवशी चेंडू हाती घेतला थॅचर हर्डने. तोही उसनाच, कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएहून आलेला. पहिल्याच डावात दोन धावा गेल्या, पण गडी डगमगला नाही. सामना 18-4 असा जिंकला आणि विजेतेपद लुइझियानाला मिळाले. रांग म्हणतात ती ही!

यावर जुनी मंडळी नाके मुरडतात. निष्ठा उरली नाही म्हणतात. मला हे पटत नाही. त्याच संघाचे पिचिंग प्रशिक्षक वेस जॉन्सन मिनेसोटाच्या व्यावसायिक संघाची नोकरी भर हंगामात सोडून आले होते, आणि विजयानंतर जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. गुरुजींनी वर्षात दोन घरे बदलली तर ती बढती, आणि विद्यार्थ्याने बदलले तर तो बेइमान? हा कुठला न्याय!

मला टोचते ते निराळेच. संघातल्या जागा मोजक्या. 2025 च्या तडजोडीनंतर तर ती तडजोड मान्य करणाऱ्या कॉलेजांना बेसबॉलसाठी बहुतांशी 34 खेळाडूंचीच मर्यादा आली आहे. नवा गडी आला की कोणीतरी वळकटी बांधतो. बहुधा तो अठरा-एकोणीस वर्षांचा, शाळेत नाव काढलेला, 'पुढच्या वर्षी तुझी पाळी' असे ऐकलेला पोरगा असतो. त्याचे नाव विक्रमांच्या यादीत येत नाही. पिकलेला आंबा बाजारात मिळतो म्हटल्यावर झाडाला पाणी घालण्याचा धीर कोणाला उरतो?

तरी धीर अगदीच सुटलेला नाही. 2025 मध्ये लुइझियानानेच पुन्हा अजिंक्यपद मिळवले, कोस्टल कॅरोलायनाला लागोपाठ दोनदा हरवून. पहिला सामना केड अँडरसनने 1-0 असा एकहाती काढला. हा शाळेतून थेट तिथे आलेला, तिथेच वाढलेला. दुसऱ्यात सुरुवात केली ती सॅन डिएगोहून बदली होऊन आलेल्या अँथनी आयनसनने, आणि तो 5-3 असा जिंकला. एक घरचा, एक उसना. प्रशिक्षकांनी हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा, असे मला वाटते. हातउसने घेण्यात कमीपणा नाही. मात्र घरातल्या पोराच्या हातालाही काम द्यावे.