कपाळ मागे सरकतं तेव्हा...

गेल्या दिवाळीतली गोष्ट. अभ्यंगस्नान, फराळ आटोपून सगळे फोटोला उभे राहिलो, तर आमचे चिरंजीव गायब. वय वर्षे २३. दोन-तीन हाका मारल्यावर बाहेर आला, तो डोक्यावर टोपी घालून. ‘सणाच्या दिवशी टोपी कसली रे?’ आजीने विचारलं. त्याच्या मामांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं, ‘बापावर गेलाय! चंद्र उगवायला लागलाय!’ सगळे हसले. मीही हसलो. मुलगा हसला नाही. रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘बाबा, मी केस लावून घेणार आहे. पैसे साठवलेत.’

सकाळचं माझं हसू मला तेव्हा बोचलं. कारण याच वाटेवरून मी गेलो आहे. तिशीत माझं कपाळ मागे सरकू लागलं, तेव्हा मी भांग थेट कानापर्यंत खाली आणला आणि एका बाजूचे केस दुसऱ्या बाजूला ओढून बसवू लागलो. बारा वर्षं हा उद्योग केला. लोकलमध्ये दाराशी उभं राहायचं नाही, पंख्याखाली बसायचं नाही, पावसात भिजायचं नाही! आज ते फोटो पाहिले की टक्कल दिसत नाही, दिसते ती लपवण्याची धडपड. अर्थात मी एकटा नव्हे. मागचे केस पुढे विंचरणाऱ्या ज्युलियस सीझरला मिळालेल्या मानांपैकी कायम पर्णमुकुट घालण्याचा मान विशेष प्रिय होता, असं रोमन चरित्रकार स्युटोनियसने लिहून ठेवलं आहे. जग जिंकणाऱ्याची ही गत, तिथे आपली काय कथा?

म्हणून आधी हे प्रकरण नीट समजून घ्यावं. शाळकरी मुलाची केसांची कड खाली आणि गोलसर असते. सतरा ते पंचविशी-तिशीच्या दरम्यान अनेकांची ही कड थोडी वर सरकते. भुवया उंचावल्यावर पडणाऱ्या सर्वांत वरच्या आठीपासून साधारण बोटभर वर ती थांबली, तर ते टक्कल नव्हे, मुलगा मोठा झाल्याची खूण आहे. दोन्ही बाजूंचे कोपरे खोल जाऊ लागले, भोवऱ्यापाशी केस विरळ झाले, तर मात्र ते पुरुषी टक्कल. जेम्स हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १९५१ साली त्याच्या पायऱ्या मांडल्या आणि १९७५ साली डॉ. नॉरवुड यांनी त्या सुधारून सात केल्या. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात तयार होणाऱ्या एका रसायनाला काहींच्या केसांची मुळं जास्त दाद देतात. मग तिथला केस पिढीगणिक बारीक, आखूड होत जातो. हा वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. त्यामुळे त्या दिवशी मामांनी उगाच मान ताठ करू नये! बोअरिंगचं पाणी, हेल्मेट, टोपी यांच्यावर आपण खापर फोडतो. पण त्यांनी असं टक्कल पडत नाही. डोकं तासल्याने केस दाटही येत नाहीत. आखूड केसाचं टोक बोथट असतं, म्हणून ते हाताला राठ लागतात, इतकंच.

कापणं मात्र महत्त्वाचं. आमचे सलूनवाले चाळीस वर्षं कात्री चालवताहेत. ते म्हणतात, ‘काका, विरळ माणूस केस वाढवतो, तिथंच चुकतो.’ खरं आहे. लांब केस वजनाने चपटे बसतात, त्यांचे झुपके होतात आणि मधली त्वचा चमकते. तेल चोपडलं की आणखीच. बाजूचे केस बारीक केले, तर वरचे त्यामानाने दाट वाटतात. कोपरे गेले असतील, तर वरचे केस आखूड ठेवून किंचित पुढे घ्यावेत. चेहरा गोल असेल तर वर थोडी उंची शोभते. लांबट असेल तर तीच उंची चेहरा आणखी लांब करते. आणि काहीच जमेनासं झालं, तर मशीन फिरवून मोकळं व्हावं. ‘सारांश’मध्ये, १९८४ साली, अनुपम खेर यांनी विशीतच म्हातारा उभा केला. त्यांचं टक्कल पुढे कुठल्या भूमिकेच्या आड आलं?

राहिला मुलाचा प्रश्न. औषधं आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, फिनास्टेराइड प्रोस्टेटचं. दोन्ही आहेत ते केस टिकवायला मदत करतात. पण बंद केली की फायदाही ओसरतो. दुसऱ्याचे लैंगिक दुष्परिणामही संभवतात. म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही. केसरोपणाचं तर फारच जपून. ऐन विशीत पुढे केस लावले आणि मागचे गळतच राहिले, तर पुढे एक बेट उरतं. शिवाय मागच्या बाजूचे उसने घ्यायचे केसही मोजकेच. भूल, शस्त्र आणि रक्त आलं, की ती शस्त्रक्रिया. प्रशिक्षित डॉक्टरांनीच ती करावी, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावलं आहे. जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’ पाहून गाळ्यात डोकं देणं म्हणजे जिवाशी खेळ.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तूर्त थांबायला सांगितलं. नंतर सलूनमध्ये दोघं शेजारी-शेजारी बसलो. केस बारीक झाल्यावर त्याने आरशात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘ठीक आहे.’ आनंद झाला, असं म्हणणार नाही. पण टोपी खुंटीला लागली.

माझं म्हणणं एवढंच. मुलीच्या रंगावर, वजनावर बोलू नये, हे आता आपल्याला थोडंफार कळू लागलं आहे. मुलाच्या टकलावर मात्र घरोघरी खुशाल विनोद होतात, आणि लग्नाच्या गोष्टी निघाल्या की त्याच्या केसांची चौकशी उघड होते. त्याने हसून साजरं करावं, अशी अपेक्षा! पंचविशीच्या आत आरशाला घाबरणारा मुलगा आपल्याही घरात असेल. येत्या सणाला तो टोपी घालून आला, तर जिभेवर आलेला विनोद फराळाबरोबर गिळून टाका. मी त्या दिवशी गिळला नाही, त्याची चुटपुट अजून आहे.